पुढचे टायर कडेने खातायत आणि मागचे मधोमध, हवा नेमकी किती ठेवायची?

वाई_ते_वर:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कारण तीन ठिकाणी विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. मी वाईत राहतो, नोकरी महाबळेश्वरला, म्हणजे रोज पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा, जाऊन येऊन साधारण ६५ किमी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, टायर १८५/६५ आर १५, चारही एकाच दिवशी नवीन टाकलेले, आता २१ हजार किमी झालेत.

परवा गाडी धुताना हात फिरवला तर पुढच्या दोन्ही टायरची नक्षी कडांना झिजलीय, बाहेरच्या कडेला जास्तच, आणि मधे अजून चांगली जाड आहे. मागच्यांचं बरोबर उलट, कडा नव्यासारख्या आणि मधला पट्टा मात्र गुळगुळीत होत आलाय. एकाच गाडीला हे दोन प्रकार कसे काय? कमी हवेने कडा जातात आणि जास्त हवेने मध जातो एवढं मलाही माहितीय, पण मग माझी हवा कमी आहे का जास्त?

मी दर पंधरा दिवसांनी हवा चेक करतो, यात हयगय नाही. सकाळी घाट चढून वर गेलो की पंप लागतो तिथे. पुढे ३३, मागे ३८. मागे ३८ कारण दाराच्या स्टिकरवर ३८ लिहिलंय आणि शनिवार-रविवारी घरचे सगळे असतात. आणखी एक, डाव्या पुढच्या टायरवर हात आतून बाहेर नेला तर गुळगुळीत लागतो आणि बाहेरून आत आणला तर करवतीच्या दातासारखं टोचतं. टायरवाल्याने सांगितलं चारीला ३५ ठेवा आणि विसरा, दुसरा म्हणाला नायट्रोजन भरा, तिसरा म्हणाला टायरच बदला. टायर बदलायची माझी आत्ता तयारी नाही आणि कारण न कळता बदलले तर पुढचे पण असेच जाणार. कुणी नीट समजावून सांगेल का.

डेपो_फिटर_निवृत्त:
आधी एक गोष्ट, तुम्ही हात फिरवून बघितलंत हे फार चांगलं केलंत, निम्मे लोक टायरकडे पंक्चर झाल्याशिवाय बघत नाहीत. मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपला काढली, टायर बघून गाडी कशी वापरली जाते ते सांगता येतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, "घाट चढून वर गेलो की". तिथेच गडबड आहे. घाट चढून आलेला टायर गरम असतो, आतली हवा गरम असते, म्हणून गेजवर ती जास्त दिसते. गार असताना ३० असलेला टायर घाट चढून गेल्यावर ३३-३४ दाखवणार. पंपावरचा पोरगा बघतो, ३४ आहे, एक काढतो, ३३ करून देतो. तुम्हाला वाटतं ३३ आहे. रात्री गाडी दारात गार झाली की ती असते २९-३०. आणि ही कमी हवा घेऊन तुम्ही दुसऱ्या दिवशी परत घाटात जाता. पुढे इंजिनाचं वजन, उतरताना ब्रेकचा सगळा भार पुढे, वर प्रत्येक वळणाला टायर बाहेरच्या कडेवर झुकतो, तर कडा जाणार नाहीत तर काय होणार.

स्टिकरवरचा आकडा हा गार टायरचा असतो. गार म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे, फार तर एक-दोन किमी सावकाश चालवलेली. म्हणून सकाळी निघायच्या आधी दारातच बघायचं.

मागचं वेगळं कारण आहे. तो ३८ आकडा फुल लोडचा असणार. स्टिकर परत एकदा नीट वाचा, त्यावर माणसांची चित्रं असतात, दोन-तीन माणसांसाठी एक आकडा आणि पाच माणसं अधिक सामान यासाठी दुसरा. तुम्ही पाच दिवस एकटे जाता. मागे वजनच नाही आणि हवा पाच माणसांची, मग टायर मधे फुगलेला राहतो आणि मधल्या पट्ट्यावरच पळतो.

वाई_ते_वर:
आत्ताच खाली जाऊन टॉर्च लावून बघितलं. बरोबर आहे काका, तीन माणसांच्या चित्रापुढे पुढे ३३ मागे ३०, पाच माणसं आणि बॅगेच्या चित्रापुढे पुढे ३३ मागे ३८. मी इतके दिवस फक्त खालची ओळ वाचत होतो. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस मागे आठ जास्त ठेवून फिरलो.

चाळीस_फिक्स:
माझं मत वेगळं आहे. टूरिस्ट गाडी चालवतो, पुणे-गोवा, पुणे-शिर्डी, चारही टायरला ४० ठेवतो सहा वर्षं झाली. स्टिअरिंग हलकं राहतं, एव्हरेज मिळतं, टायर गरम होत नाही. टायरच्या साईडलाच मॅक्स ५१ लिहिलंय मग ४० ला काय होतं. मधे थोडा झिजतो पण ६० हजार निघतात.

डेपो_फिटर_निवृत्त:
@चाळीस_फिक्स तुमच्या गाडीत रोज सहा-सात माणसं आणि वर बॅगा असतात ना, मग तुम्हाला ४० कदाचित बरोबरच असेल, मागे तर नक्की. तुमचा अनुभव खोटा नाही. पण तो आकडा एकट्या माणसाने हॅचबॅकला लावायचा नाही. आणि साईडवर जो मॅक्स लिहिलेला असतो तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आकडा, किती भरा त्याचा नव्हे. टायर कंपनीला तुमची गाडी कुठली, किती वजनाची हे कुठं माहिती असतं, तोच टायर चार वेगळ्या गाड्यांना बसतो. किती भरायची ते गाडीवाला सांगतो, म्हणून ते दाराच्या खांबावर चिकटवलेलं असतं, काही गाड्यांना पेट्रोलच्या झाकणाच्या आत.

आणि एक मनापासून सांगतो, घाटात पावसाळ्यात टणक टायर घेऊन उतरू नका. रस्त्याला टेकणारा टायरचा भाग तळहाताएवढाच असतो, हवा जास्त झाली की तोही कमी होतो. महाबळेश्वरच्या बाजूला चार महिने रस्ता वाळत नाही. ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबते हे त्या तळहातावर ठरतं.

चाळीस_फिक्स:
मान्य आहे, माझी गाडी कधी रिकामी नसतेच. पावसाचं पण पटलं, मी पावसात ३६ करून बघतो.

निपाणी_नाक्याचा_टायरवाला:
आमचं टायरचं दुकान आहे, वडिलांपासून. फिटर काकांनी सांगितलं त्याला शंभर टक्के अनुमोदन, मी फक्त दोन गोष्टी वाढवतो.

पहिली, डाव्या टायरला करवत लागतीय ती हवेची भानगड नाही. ती 'टो'ची भानगड आहे, म्हणजे चाकं सरळ रेषेत नाहीत, थोडी आत नाहीतर बाहेर बघतायत, त्यामुळे टायर पुढे जाताना थोडा थोडा आडवा घासला जातो आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड गोल आणि एक धारदार होते. कुठंतरी खड्ड्यात चाक जोरात आपटलं असणार. हवा कितीही बरोबर केली तरी हे जाणार नाही, अलाइनमेंटच करावं लागेल. आणि अलाइनमेंटला न्यायच्या आधी हवा बरोबर करून न्या, हवा कमी-जास्त असताना केलेलं अलाइनमेंट चुकतं, हे आमच्यातले पण बरेच जण बघत नाहीत.

माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की मी आधी झीज बघतो ती अशी. दोन्ही कडा सारख्या गेल्या तर हवा कमी. मधला पट्टा गेला तर हवा जास्त. एकच कड गेली, आतली किंवा बाहेरची, तर चाक तिरकं आहे, कॅम्बर (चाक वरून आत किंवा बाहेर कललेलं) नाहीतर टो. हाताला करवत लागली तर टो. आणि टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खोलगट खड्डे पडले तर शॉकअब गेलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. ही पाच लक्षणं कळली की कुणी तुम्हाला उगाच टायर बदलायला लावू शकत नाही.

दुसरी गोष्ट, डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. पेनासारखं डेप्थ गेज मिळतं, दोनशे रुपयांच्या आतबाहेर. प्रत्येक टायरच्या आतल्या खाचेत, मधल्या खाचेत आणि बाहेरच्या खाचेत मोजायचं, वहीत किमीसकट लिहायचं. नवीन टायर सात-आठ मिमी असतो, आणि १.६ ला आला की कायद्यानेसुद्धा संपला, खाचेच्या तळाशी रबराची आडवी पट्टी असते तिच्या बरोबरीला नक्षी आली की १.६ समजायचं. तुमचे अजून तिथं गेलेले नसावेत. गेज टेकवताना त्या पट्टीवर टेकवू नका, शेजारी टेकवा, नाहीतर आकडा कमी दिसतो आणि माणूस घाबरतो.

उन्हाळी_पाहुणी:
मी नागपूरची, आमच्याकडे तापमानाचा खेळ जास्त असतो म्हणून लिहिते. साधारण पाच-साडेपाच डिग्रीला एक पीएसआय, म्हणजे गेजवरचा एक आकडा, फिरतो. मे महिन्यात पहाटे ३० डिग्री असताना मी ३३ भरली आणि नंतर काहीच केलं नाही असं समजा, तर डिसेंबरच्या पहाटे १० डिग्रीला तापमानानेच तीन-साडेतीन गेली, आणि चांगल्या टायरमधूनसुद्धा महिन्याला एखादा पीएसआय आपोआप जातो, म्हणजे सात महिन्यांत तेही धरा. हवा २२-२३ वर येते आणि पंक्चर कुठेच नसतं. डोळ्यांनी ते कळत नाही, रेडियल टायर तसाही खाली थोडा पोट काढूनच उभा असतो.

अजून एक अनुभव, गाडी उन्हात उभी असेल तर ज्या बाजूला ऊन लागतं त्या बाजूचे टायर सावलीतल्या टायरपेक्षा दोन-तीन जास्त दाखवतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं गेज बिघडलं, मग सकाळी सहाला मोजलं तर चारही सारखे. तेव्हापासून मोजायचं ते ऊन यायच्या आधीच.

समृद्धीवर जाणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, सिमेंटचा रस्ता, १२० ची मर्यादा, वरून ४५ डिग्री, आणि वाटेत पंपावर गेज ३८ दाखवतंय म्हणून हवा काढू नका. गरम टायरची हवा कधीच कमी करायची नाही. ती वाढलेली हवा बरोबर आहे, कंपनीने ते वाढणं धरूनच गारचा आकडा दिलेला असतो. काढली की टायर जास्त दबतो, साईडची भिंत जास्त वाकते, त्याने अजून तापतो, आणि फुटतो तो कमी हवेचा टायर.

वाई_ते_वर:
ताई हे वाचून अंगावर काटा आला, मी वर्षभर दर पंधरा दिवसांनी नेमकं हेच करत होतो, गरम टायरची हवा काढून घेत होतो आणि स्वतःला शिस्तीचा समजत होतो.

एक शंका, वाई साधारण ७०० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वर हवा विरळ असते तर गेजवर फरक पडतो का?

डेपो_फिटर_निवृत्त:
उंचीचं मला नीट सांगता येणार नाही, आम्ही डेपोतच भरायचो. कुणीतरी शिकलेल्याने सांगावं.

उन्हाळी_पाहुणी:
मी फिजिक्स शिकवते म्हणून सांगते. गेज टायरच्या आतला दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब यातला फरक दाखवतं. साडेसहाशे मीटर वर गेलं की बाहेरचा दाब साधारण एक पीएसआय कमी होतो, म्हणून गेजवर एक वाढलेली दिसेल. पण वर गारवा पण असतो, वाईपेक्षा चार-पाच डिग्री कमी, त्याने जवळपास एक उतरते. म्हणजे दोन्ही मिळून तुमच्या बाबतीत फिटंफाट. घरी गार असताना भरा आणि उंचीचा विचार सोडून द्या.

नायट्रोजनबद्दल पण कुणीतरी म्हणालं होतं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच वाढतात. नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, एवढा फायदा खरा आहे. पण त्याने झीज सारखी होत नाही, झीज सारखी होते ती आकडा बरोबर असला तर.

खडूने_बघा:
आमच्या जीपच्या ग्रुपमध्ये खडूची युक्ती करतात. टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ मारायची, सपाट सरळ रस्त्यावर शे-दोनशे मीटर जायचं, आणि बघायचं रेघ कुठे पुसली गेली. मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी, सगळीकडे सारखी तर बरोबर. मोठे टायर टाकलेत आणि कंपनीचा आकडा लागू पडत नाही तेव्हा याचा फार उपयोग होतो.

निपाणी_नाक्याचा_टायरवाला:
जीपला मोठे टायर असतील तर खडू चांगला, मी पण सांगतो लोकांना. पण साध्या गाडीच्या मूळ साईजच्या रेडियल टायरला आत स्टीलचा पट्टा असतो, तो नक्षी बऱ्यापैकी सपाट धरून ठेवतो, म्हणून ३० ला पण रेघ सगळी पुसते आणि ३६ ला पण पुसते. फरक दिसतो तो हजारो किमी नंतर डेप्थ गेजवर. ढोबळ चूक शोधायला खडू, बारीक जुळवायला वही.

आता वाईच्या दादांसाठी मी काय करीन ते सांगतो. स्वतःचं गेज घ्या, पंपावरच्या मशीनवर विसंबू नका, नळी दिवसभर जमिनीवर आपटते, त्यातली काही दोन-तीन चुकीची दाखवतात. तुमचं गेज चुकीचं असलं तरी रोज एकसारखंच चुकेल, आपल्याला तेवढं पुरतं. पायाने मारायचा पंप नाहीतर गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घ्या. सकाळी गार टायरला मागे ३०, एखादा वर चालेल. पुढे मात्र मी ३३ नाही, ३५ ठेवीन. कारण तुमचा अर्धा रस्ता वळणांचा आहे, घाटात पुढच्या टायरची बाहेरची कड हवा बरोबर असली तरी थोडी जातेच, दोन जास्त ठेवली की खांदा कमी दबतो. याच्या वर जाऊ नका. शनिवारी घरचे बसणार असतील तर त्या सकाळी मागे ३८ करा आणि सोमवारी निघताना परत उतरवा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि एक महत्त्वाचं, हवेचा हिशेब मागच्या टायरवर करा. पुढचा टायर वळतो, खेचतो, ब्रेक सोसतो, त्यामुळे त्याच्या झिजेत हवा, अलाइनमेंट, चालवायची पद्धत सगळं मिसळलेलं असतं. मागचा बिचारा नुसता फिरतो, तो हवेबद्दल खरं सांगतो. पुढचे शंभर टक्के सारखे झिजावेत म्हणून हवेशी खेळत बसलात तर रोजच्या घाटाच्या रस्त्याला ते कधी जमणार नाही.

अलाइनमेंट झालं की पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घ्या, त्याच बाजूला. तुमचे पुढचे कडेने गेलेत आणि मागचे मधे, अदलाबदल केली की ज्याचं जे राहिलंय ते वापरलं जाईल. मग दर ८-१० हजारांना फिरवत राहा. घाटात फिरणाऱ्याने आठच धरावेत.

वाई_ते_वर:
सगळ्यांचे मनापासून आभार. अडीच महिन्यांनी लिहितोय, मुद्दाम थांबलो होतो, आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिल्या सकाळी गेज आणल्यावर पावणेसातला दारात मोजलं. पुढे डावा २९, उजवा २९.५, मागे दोन्ही ३५. म्हणजे काकांनी न बघता सांगितलेलं तंतोतंत निघालं. तसंच वर जाऊन परत त्याच गेजने मोजलं तर पुढे ३३, मागे ३८. तो क्षण माझ्या लक्षात राहील, तेच टायर, तेच गेज, मधे फक्त एक घाट.

डेप्थ गेजचे आकडे, पुढचा उजवा आत ४.४, मधे ५.३, बाहेर ३.९. मागचे दोन्ही कडांना ६.२ च्या आसपास आणि मधे ४.८. अलाइनमेंटला नेलं तर टो मर्यादेबाहेर गेलेलाच होता, तिथल्या पोराने कागद काढून दाखवला, डावीकडचा आकडा लाल होता. पावसाळ्यानंतर भिलारच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आदळली होती ती आठवली. मग टायर मागचे पुढे, पुढचे मागे केले, पुढे ३५, मागे ३०, दर रविवारी सकाळी मोजायचं, आणि घरचे असतील त्या दिवशी मागे ३८. बायको आता मला विचारते, आम्ही बसायचं ठरलं का, म्हणजे तू पंप मारशील.

त्यानंतर ३४०० किमी झालेत. मागे गेलेल्या टायरची झीज तिन्ही खाचांत जवळपास सारखी, ०.३ च्या आसपास. पुढे आलेल्यांची मधे ०.६, बाहेर ०.७, आत ०.६. करवत अजून हाताला थोडी लागते पण धार कमी झालीय. घाट उतरताना पुढून वळणाला जो सुईं असा आवाज यायचा तो बंद झाला, तो टायर ओरडत होता हे आधी कळलंच नव्हतं.

डेपो_फिटर_निवृत्त:
वा, असं लिहून ठेवणारा माणूस भेटला की बरं वाटतं. मधे ०.६ आणि बाहेर ०.७ हे घाटाच्या गाडीला उत्तम आहे, आता ३५ ला हात लावू नका. थंडी सुरू झाली की एकदा जास्तीचं चेक करा. आणि स्टेपनी मोजलीत का?

वाई_ते_वर:
नव्हती मोजली. आत्ता डिकी उघडून मोजली. ११ निघाली.